हिटलरने बेकारी संपवली म्हणजे नेमकं काय केलं?

व्हॉट्सअ‍ॅपवर गेली काही वर्षं एक मेसेज फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच असतो: 'पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत एक पाव घ्यायला पोतंभर नोटा लागत. १९३३ साली हिटलर आला तेव्हा ६० लाख लोक बेकार होते. त्याने परदेशी सावकारांचं कर्ज झुगारलं, बिनव्याजी स्वदेशी पैसा निर्माण केला, महामार्ग बांधले, कामगाराला परवडणारी मोटार दिली आणि सहा वर्षांत बेकारी शून्यावर आणली. हे यश इतर देशांना बघवलं नाही, म्हणून त्यांनी जर्मनीवर युद्ध लादलं.'

हा मेसेज पुढे ढकलणारे सगळेच हिटलरचे भक्त असतात असं नाही. ज्यूंच्या संहाराबद्दल मनापासून चीड असणारी माणसंही तो पाठवतात. त्यांचं म्हणणं एवढंच असतं, की माणूस क्रूर होता, पण अर्थव्यवस्था त्याने सुधारली हे मान्य करा. पुढे युद्धात शिरला तिथे तो चुकला. मला भांडायचं आहे ते याच म्हणण्याशी. जर्मनीतली बेकारी हटली ती मुख्यतः युद्धाच्या तयारीमुळे, आणि त्या तयारीचा खर्च कधीतरी दुसऱ्यांच्या मुलखातून वसूल होईल या हिशेबावरच तो सगळा डोलारा उभा होता. आधी सुधारणा आणि मग युद्ध, असे दोन वेगळे अध्याय तिथे नव्हतेच.

आता मेसेजमधल्या दाव्यांकडे एकेक करून बघू.

'एका पावाला पोतंभर नोटा.' खरं आहे, पण ते १९२३ सालचं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. त्याच महिन्यात रेंटेनमार्क हे नवं चलन आलं आणि भाववाढ थांबली. तेव्हा हिटलर म्युनिकमधल्या फसलेल्या उठावानंतर अटकेत होता. चलन सावरण्यात त्याचा काडीचाही हात नव्हता. १९३० नंतरचं संकट अगदी उलट जातीचं होतं: भाव पडत होते, पगार कापले जात होते, कारखान्यांना गिऱ्हाईक नव्हतं. मेसेज ही दोन्ही संकटं एकात मिसळतो आणि श्रेय हिटलरच्या पदरात टाकतो.

'६० लाख बेकार.' हा आकडा बरोबर आहे. १९३२च्या सुरुवातीला नोंदलेले बेकारच ६० लाखांच्या वर गेले होते आणि औद्योगिक उत्पादन १९२९च्या तुलनेत जवळपास ४० टक्क्यांनी घसरलं होतं. याचं कारण जर्मनीबाहेर जितकं होतं तितकंच आतही होतं. १९२४ नंतरची जर्मनीची भरभराट अमेरिकेच्या अल्पमुदतीच्या कर्जांवर उभी होती. न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळल्यावर ते पैसे परत जाऊ लागले. १३ जुलै १९३१ रोजी डानाटबँक ही देशातली एक मोठी बँक बंद पडली आणि ठेवीदारांनी इतर बँकांपुढेही रांगा लावल्या. अशा वेळी चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, हाइनरिश ब्रूनिंग काय करत होते? राष्ट्राध्यक्षांच्या विशेषाधिकारातून वटहुकुमांवर वटहुकूम काढून सरकारी नोकरांचे पगार आणि बेकारभत्ता कापत होते, कर वाढवत होते. डिसेंबर १९३१च्या वटहुकुमाने तर मजुरीचे दर सक्तीने १९२७च्या पातळीवर खाली आणले. मंदीत सरकारनेच हात आखडल्यावर बाजारात पैसा येणार कुठून? त्या उपाशी वर्षांतच नाझी पक्षाची मतं १९२८च्या २.६ टक्क्यांवरून जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांवर गेली. लोकांचं दुःख खरं होतं आणि लोकशाही सरकारांनी ते हाताळण्यात भयंकर चुका केल्या. हे मान्य करायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

पण मेसेज इथून थेट १९३३ वर उडी मारतो. मधल्या सहा-सात महिन्यांत जे झालं ते गाळून टाकतो. पहिल्या महायुद्धाबद्दल जर्मनीने भरायच्या युद्धखंडणीचं ओझं जुलै १९३२च्या लोझान परिषदेत जवळजवळ संपलं. ते काम हिटलरने केलं नाही. ब्रूनिंग यांच्यानंतर चॅन्सेलर झालेल्या फॉन पापेन यांच्या सरकारने सप्टेंबर १९३२ मध्ये उद्योगांना करसवलतीचे रोखे दिले. त्यांच्यानंतर आलेल्या फॉन श्लायशर यांनी रस्ते, कालवे आणि शेतसुधारणेसाठी ५० कोटी मार्कांची योजना आखली आणि तिला जानेवारी १९३३ मध्ये, त्यांचं सरकार पडता पडता, मंजुरी मिळाली. ३० जानेवारीला हिटलर खुर्चीवर बसला तेव्हा मंदीचा तळ गाठून झाला होता आणि खर्चाला तयार पैसा समोर होता. १९३३ मध्ये जी पहिली कामं निघाली त्यांतली बरीच श्लायशर यांच्या तरतुदीतून. खुद्द श्लायशर यांना ३० जून १९३४ रोजी राहत्या घरात गोळ्या घालून मारण्यात आलं.

'सहा वर्षांत बेकारी शून्य.' बेकारांचा नोंदलेला आकडा खरोखरच उतरला. १९३६ मध्ये सरासरी १६ लाख, १९३८ मध्ये ४ लाखांच्या आसपास. हा आकडा सगळाच बनावट होता असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. माणसं खरोखर कामाला लागली होती. पण कोण मोजलं गेलं आणि कोण नाही, हे पाहायला हवं.

जून १९३३ मध्ये विवाहकर्जाचा कायदा आला. नव्या जोडप्याला १००० मार्कांपर्यंत कर्ज मिळे, मुख्य अट ही: बायकोने नोकरी सोडायची. प्रत्येक मुलामागे चौथा हिस्सा माफ. म्हणजे एका बाईने जागा सोडली, तिथे पुरुष आला, बेकारांच्या यादीतलं एक नाव कमी झालं आणि त्या बाईचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही. ७ एप्रिल १९३३च्या कायद्याने ज्यू आणि राजकीय विरोधक सरकारी नोकऱ्यांतून हाकलले गेले. त्यांच्या रिकाम्या खुर्च्याही 'रोजगार' ठरल्या. तात्पुरत्या मदतकामांवर तुटपुंज्या मोबदल्यात राबणाऱ्यांना नोकरदार धरलं गेलं. मार्च १९३५ मध्ये सक्तीची लष्करभरती आली आणि तहाने घातलेली १ लाख सैनिकांची मर्यादा झुगारून ३६ डिव्हिजनचं, म्हणजे सुमारे साडेपाच लाखांचं, सैन्य उभारायचं ठरलं. त्याच जूनमध्ये तरुणांना सहा महिने श्रमसेवा सक्तीची झाली. लाखो तरुण एका फटक्यात रोजगार केंद्राच्या दारातून बराकीत गेले.

तरीही मुख्य बदल कारखान्यांत झाला. विमानं बनवणाऱ्या उद्योगात १९३३च्या आरंभी जेमतेम काही हजार माणसं होती, १९३८ पर्यंत ती दोन लाखांच्या पुढे गेली. विमानाच्या मागे अ‍ॅल्युमिनियम, यंत्रं, कृत्रिम पेट्रोल, कृत्रिम रबर, पोलाद. ही होती कामं. आणि हे ओघात झालं नाही. सत्तेवर येऊन दहा दिवसही झाले नव्हते तेव्हा, ८ फेब्रुवारी १९३३च्या मंत्रिमंडळ बैठकीत, हिटलरने धोरण सांगून टाकलं होतं: रोजगारनिर्मितीची प्रत्येक सरकारी योजना देशाला पुन्हा शस्त्रसज्ज करायला उपयोगी आहे का, याच कसोटीवर तपासायची. नागरी कामांवर एकूण खर्च झाला सुमारे ५ अब्ज मार्क. शस्त्रसज्जतेसाठी १९३३च्या जूनमध्येच आठ वर्षांत ३५ अब्ज मार्क खर्चायचा आराखडा ठरला होता. या दोन आकड्यांपुढे 'त्याने रोजगार दिला' या वाक्याचा अर्थच बदलतो.

'महामार्ग बांधले.' बांधले, १९३८च्या अखेरीस सुमारे ३००० किलोमीटर. पण मोटारींसाठी वेगळ्या रस्त्याची कल्पना १९२०च्या दशकातली, आणि कोलोन ते बॉन हा पहिला रस्ता ६ ऑगस्ट १९३२ रोजी कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी खुला केला. नाझींनी त्यांना पुढच्याच वर्षी पदावरून काढलं. युद्धानंतर तेच पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले. आणि ऑटोबानच्या, म्हणजे या महामार्गांच्या, बांधकामावर थेट लागलेले मजूर १९३६च्या ऐन भरातही सव्वा लाखाच्या आसपास होते. ६० लाखांतले सव्वा लाख. चित्रपटगृहांतल्या प्रचारपटांत फावडी घेतलेले हात इतके दाखवले गेले की आजही लोकांना वाटतं सगळा देश रस्त्यावरच कामाला होता.

'कामगाराला मोटार दिली.' इथे मात्र मला राग येतो, कारण ही सरळसरळ फसवणूक होती आणि फसवले गेलेले लोक साधे पगारदार होते. मोटारीची किंमत ठरली ९९० मार्क. दर आठवड्याला किमान ५ मार्कांचं तिकीट घेऊन पुस्तिकेत चिकटवायचं, पुस्तिका भरली की गाडी. पैशावर व्याज नाही, मधेच पैसे परत मागायची सोय नाही. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी अशी तिकिटं चिकटवली. कारखान्याची पायाभरणी मे १९३८ मध्ये हिटलरच्या हस्ते झाली, पण त्यातून बाहेर पडल्या त्या सैन्याच्या गाड्या. तिकिटं भरणाऱ्यांपैकी एकालाही मोटार मिळाली नाही. युद्धानंतर ते कोर्टात गेले आणि १९६१ मध्ये तडजोड झाली: नवी गाडी घेतलीत तर जास्तीत जास्त ६०० मार्क सूट, नाहीतर १०० मार्क रोख.

आता मेसेजमधला सर्वांत लाडका दावा, 'बिनव्याजी स्वदेशी पैसा'. यावर जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडे सावकारी आणि व्याज यांबद्दलची चीड जुनी आहे आणि हा दावा नेमका तिथे बोट ठेवतो.

परदेशी कर्जाची फेड जर्मनीने १९३३ पासून टप्प्याटप्प्याने थांबवली, एवढं खरं. पण देशातला पैसा बिनव्याजी मुळीच नव्हता. राइशबँक या जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष हियाल्मार शाख्ट, स्वतः मुरलेले बँकर, यांनी युक्ती काढली ती हुंडीची, म्हणजे ठरल्या मुदतीनंतर पैसे देण्याच्या लेखी हमीची. क्रुप, सीमेन्स, राइनमेटाल आणि गुटेहोफनुंग्सह्युटे या चार कंपन्यांनी अवघ्या १० लाख मार्क भांडवलावर एक 'मेटल संशोधन' कंपनी स्थापली. तिचं संक्षिप्त नाव मेफो. या कंपनीने संशोधन असं काही केलंच नाही. शस्त्रं पुरवणारा कारखानदार सरकारकडून रोख घेण्याऐवजी मेफोवर हुंडी काढायचा, मेफो ती स्वीकारायची, आणि राइशबँक ती वटवून द्यायला बांधलेली असायची. हुंडी तीन महिन्यांची, पण मुदत वाढवत वाढवत पाच वर्षांपर्यंत नेता येई. तिच्यावर ४ टक्के व्याज होतं. म्हणूनच बँका आणि कंपन्या ती राइशबँकेत न वटवता आनंदाने स्वतःकडे ठेवत.

मग एवढा लपंडाव कशासाठी? दोन कारणं होती. शस्त्रखर्च अंदाजपत्रकात दिसला तर पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या सैन्यावर बंधनं घालणाऱ्या व्हर्सायच्या तहाचा भंग जगासमोर येणार होता. आणि सरकार उघडपणे नोटा छापतंय असं दिसलं असतं तर १९२३ मध्ये हात पोळलेल्या लोकांत पुन्हा घबराट माजली असती. १९३८ पर्यंत अशा हुंड्या सुमारे १२ अब्ज मार्कांच्या झाल्या. याशिवाय बचत बँका आणि विमा कंपन्यांकडे जमलेला लोकांचा पैसा गुपचूप सरकारी रोख्यांत वळवला जात होता. ठेवीदाराला वाटे आपले पैसे बँकेत आहेत. ते रणगाड्यांत गेलेले असत. याला कर्जमुक्ती कसं म्हणायचं? हे लपवलेलं कर्ज होतं आणि त्याची मुदत १९३९ पासून भरत येत होती.

ओघात आणखी एक सांगायला हवं. सरकारने मंदीत कर्ज काढून खर्च करावा, ही कल्पना हिटलरची मक्तेदारी नव्हती. जपानचे अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांनी डिसेंबर १९३१ पासून तेच केलं आणि देश लवकर सावरला. सावरल्यावर त्यांनी सैन्याचा खर्च आवरायचा आग्रह धरला, म्हणून २६ फेब्रुवारी १९३६ रोजी बंडखोर लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना ठार केलं. मंदीतून वर येणं आणि युद्धाकडे जाणं हे दोन वेगळे निर्णय असू शकतात, हे जाणणारा माणूस जपानला नकोसा झाला. जर्मनीत ते दोन निर्णय पहिल्या दिवसापासून एकच होते.

मेसेज म्हणत नाही, पण सुचवतो की कामगार सुखी झाला. २ मे १९३३ रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या गेल्या आणि पुढारी तुरुंगात गेले. संप संपले. मजुरीचे दर मंदीतल्या तळाच्या पातळीवर गोठवले गेले. लोक जास्त तास राबू लागले म्हणून हातात थोडे जास्त पैसे आले, इतकंच. १९३५ पासून प्रत्येकाला सरकारी श्रमपुस्तिका लागू लागली. मालकाने ती अडकवून ठेवली की नोकरी बदलणं मुश्कील. जून १९३८च्या हुकुमाने तर माणसाला घरापासून दूर, पश्चिम सीमेवरच्या तटबंदीच्या कामावर सक्तीने धाडता येऊ लागलं. आणि ताटात? १९३५-३६च्या हिवाळ्यात लोणी आणि चरबीचा तुटवडा पडला, कारण असलेलं परकीय चलन खनिजं आणि कच्च्या मालाकडे वळवलं होतं. तेव्हा प्रचारमंत्री गोबेल्सने जाहीर सभेत सांगितलं, की आपलं लोण्यावाचून चालेल, तोफांवाचून चालणार नाही. कामगाराच्या ताटातून काय काढलं आणि कुठे घातलं, याची कबुली मंत्र्याच्याच तोंडून मिळाली.

राहिला शेवटचा दावा, 'युद्ध लादलं गेलं'.

सत्तेवर आल्यावर चौथ्याच दिवशी, ३ फेब्रुवारी १९३३ रोजी, हिटलर सेनापतींसमोर बोलला. त्याची टिपणं उपलब्ध आहेत: पूर्वेकडे नवी भूमी जिंकायची आणि तिचं निर्दयपणे जर्मनीकरण करायचं. ऑगस्ट १९३६ मध्ये चार वर्षांच्या योजनेसाठी त्याने स्वतः टिपण लिहिलं. त्यातली शेवटची दोन कलमं अशी: चार वर्षांत जर्मन सैन्य लढायला सज्ज हवं, चार वर्षांत जर्मन अर्थव्यवस्था युद्धाला लायक हवी. ५ नोव्हेंबर १९३७च्या गुप्त बैठकीत त्याने जागेचा प्रश्न उशिरात उशिरा १९४३ ते १९४५ पर्यंत बळाने सोडवायचा असं बजावलं. तेव्हा बाहेरचा कुठलाही देश जर्मनीवर चाल करून येत नव्हता. पुढच्याच वर्षी ब्रिटन आणि फ्रान्सने म्युनिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाचा लचका त्याला तोडून दिला.

पैशाच्या बाजूने पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. शस्त्रं बनवायला लोहखनिज, तांबं, रबर, तेल बाहेरून आणावं लागे आणि रणगाडे निर्यात करून त्याची किंमत चुकवता येत नाही. १९३४च्या उन्हाळ्यातच परकीय चलनाची गंगाजळी १० कोटी मार्कांच्या खाली गेली होती. तिथून पुढे प्रत्येक आयातीला सरकारी परवाना लागू लागला. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा व्हिएन्नाच्या मध्यवर्ती बँकेतलं सोनं आणि परकीय चलन बर्लिनला आलं. ते जर्मनीच्या स्वतःच्या साठ्यापेक्षा जास्त होतं. नोव्हेंबर १९३८च्या ज्यूविरोधी हिंसाचारानंतर, ज्यांची दुकानं फुटली, प्रार्थनामंदिरं जळाली त्या ज्यूंवरच १ अब्ज मार्कांचा दंड बसवला गेला. तो पैसा थेट रिकाम्या तिजोरीत गेला. मार्च १९३९ मध्ये प्राग घेतलं, तेव्हा चेक सोन्यावर हात पडला. लूट ही युद्धातली नंतरची विकृती होती असं ज्यांना वाटतं, त्यांनी या तारखा पाहाव्यात. पोलंडवर हल्ला व्हायला तेव्हा अजून महिने होते.

७ जानेवारी १९३९ रोजी शाख्ट आणि राइशबँकेच्या संचालकांनी हिटलरला लेखी इशारा दिला, की हा बेलगाम खर्च चलन आणि अर्थव्यवस्था दोन्ही बुडवेल. उत्तर म्हणून १३ दिवसांत शाख्ट यांना काढलं गेलं आणि राइशबँकेला हुकमाचं ताबेदार केलं गेलं. २२ ऑगस्ट १९३९ रोजी, पोलंडवर तुटून पडण्याच्या आधी, हिटलर सेनापतींना म्हणाला, की आपली आर्थिक परिस्थिती अशी आहे की आणखी थोडीच वर्षं तग धरता येईल, चार वर्षांच्या योजनेचा प्रमुख ग्योरिंग याला दुजोरा देईल. ज्या अर्थव्यवस्थेला मेसेज चमत्कार म्हणतो, तिच्याबद्दल तिच्या कर्त्याचं हे मत होतं, आणि युद्ध आत्ताच हवं यासाठी त्याने दिलेल्या कारणांपैकी ते एक होतं.

म्हणून 'आधी बरं केलं, नंतर चुकला' हे मला मान्य होत नाही. पुढे फ्रान्सकडून 'ताबा-खर्च' म्हणून दिवसाला २ कोटी मार्क उकळले गेले, ग्रीसमध्ये १९४१-४२च्या हिवाळ्यात हजारो माणसं भुकेने मेली, आणि १९४४ पर्यंत ७० लाखांहून जास्त परदेशी मजूर आणि युद्धकैदी जर्मनीत वेठीला जुंपले गेले. पहिल्या वर्षापासून उचललेल्या उसनवारीची ही वसुली होती. ती थोपवायला आपल्याकडचीही माणसं गेली. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फंट्रीतून जर्मन मशीनगनवर एकट्याने चालून गेले आणि तिथेच पडले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

स्वतः जर्मनांना हा व्यवहार केवढ्याला पडला, तेही सांगतो. युद्ध संपल्यावर राइशमार्क या जुन्या चलनाला कोणी विचारत नव्हतं; बाजार सिगारेटींवर चालत होता. जून १९४८ मध्ये पश्चिम भागात नवं चलन आलं, तेव्हा बँकेतल्या १०० जुन्या मार्कांचे शेवटी साडेसहा नवे मार्क हातात पडले.